आप्पा पायी निघाले

तुम्हाला सांगतो, आमच्या रहाटणीत ओळखीचा माणूस पायी दिसला की लोकांना वाटतं, याच्या घरात काहीतरी बिनसलंय. माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलं. मग दारात गाडी ठेवून आप्पा रोज भाजी आणायला पायी जायला लागले. वाटेत जो तो गाडी थांबवून म्हणायचा, "आप्पा, बसा की." आप्पा म्हणायचे, "नको, बरं हाय माझं."

एवढ्यावर गावभर झालं, की पोरानं बापाची गाडी काढून घेतली.

रविवारी आप्पांचे तीन मित्र मला समजवायला घरी आले. राहतात मागच्याच गल्लीत, पण आले गाडीतून. त्यांतले तात्या थेट मला म्हणाले, "बापाला असं पायी फिरवतोस? शोभतं व्हय तुला?"

मी आप्पांकडं बघितलं. वाटलं, आता ते खरं काय ते सांगतील आणि मी सुटेन. आप्पांनी शांतपणे चहा संपवला आणि विचारलं, "तात्या, तुझी शुगर किती हाय?"

तात्यांसकट तिघंही आपापल्या कपात बघायला लागले.

"मग उद्या सकाळी या. गाडी आणू नका."

तेव्हापासून चौघं मिळून चालतात. परवा तात्यांच्या मुलाचा मला फोन आला, अगदी रडवेला. "दादा, लोक माझ्याकडं कसंतरीच बघायला लागलेत हो."

गावात आता बोलतात, माझ्या नादाला लागून आणखी तीन पोरं बिघडली.