सिरीलच्या बेसमेंटमधलं ड्राय हॉपिंग

अहो, कसली बिअर आणि कसलं काय! तुम्हाला सांगतो, व्हिटबीच्या त्या सिरील लोपीसचं डोकं फिरलं ते ह्याच्यावरूनच. वसईचा माणूस, परदेशात येऊन बावीस वर्षं एअरपोर्टवर लोकांच्या बॅगा उचलल्या, घरी यायचं, बूट काढायचे, फ्रिजमधला गार कॅन फोडायचा, प्यायचा, विषय संपला! त्यात समजून घ्यायचं काय असतं? आता रिटायर झाला, म्हटलं निवांत बसू, तर मुलगी हेझल होणारा जावई घेऊन आली. नंदन. पुण्याचा. सॉफ्टवेअरवाला. आणि छंद काय, तर घरी बिअर बनवणं! तासाभरावर एटोबिकोला ह्याचा कॉन्डो, म्हणजे आपला फ्लॅट, तिथे वास सुटतो, शेजारी कम्प्लेंट करतात, मग बिअरचं पिंप आलं कुठे? सिरीलच्या बेसमेंटमध्ये, विंटर टायर्सना चिकटून! हेझलचं आपलं एकच, "डॅडी, प्लीज, बी नाइस." झाला नाइस. करतो काय?

बरं, केलीस ना बिअर, मग पी की! नाही. पंधरा दिवस आंबवून झाली, तर म्हणे आता ड्राय हॉपिंग. "म्हणजे काय रे?" तर हा चष्मा वर सरकवून, नाकात बोलत, "अंकल, हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. सुकवून, दळून गोळ्या करतात. त्या तयार बिअरमध्ये तशाच टाकून चार दिवस ठेवायच्या. मग अरोमा येतो... आंबा, पॅशनफ्रूट, थोडासा पाइन." पाइन! अरे, पाइनचा वास हवा तर बॅकयार्डमध्ये जा, झाड हुंग! आणि त्या गोळ्या बघितल्यात तुम्ही? हिरव्यागार, बारीक, थेट सशाच्या लेंड्या! सांगा, ह्याला बिअर म्हणायचं?

आणि नेमका ऑफिसनं पाठवला त्याला व्हँकुव्हरला. पुढच्या शनिवारी साखरपुडा, चाळीस माणसं, त्यांना पाजायची हीच बिअर, आणि गोळ्या अजून पाकिटात. "अंकल, तुम्ही टाकाल?" सिरील नाही म्हणणारच होता, तेवढ्यात किचनमधून त्याची बायको लुर्डस ओरडली, "टाकेल, टाकेल! दिवसभर करतो काय तो?"

झालं! सोमवारी सकाळी सिरील बनियन आणि बर्म्युड्यात पिंपासमोर उभा, फोन टायर्सवर टेकवलेला, व्हिडिओवर नंदन. "अंकल, हात सॅनिटाइज केले? पुन्हा करा. आणि हळूहळू हं, चिमूट चिमूट, बिअरमध्ये गॅस असतो..." चिमूट चिमूट! म्हणजे काय, फोडणी घालतोय? ज्या माणसानं तीस-तीस किलोच्या बॅगा भिरकावल्या त्याला हा चिमूट शिकवणार! सिरीलनं पाकीट फोडलं आणि अख्खं केलं पालथं.

एक सेकंद काही नाही. मग फस्स्स... आणि तुम्हाला सांगतो, पिंपातून हिरवा फेस असा उसळला की थेट सीलिंगला! सिरीलच्या डोक्यावर, मिशीत, बनियनमध्ये! तो दोन्ही हातांनी झाकण दाबतोय, फेस बोटांमधून पिचकाऱ्या मारतोय, नंदन किंचाळतोय, "अंकल, सोडा, सोडा!" आणि त्याच वेळी नंदनला पुण्याहून त्याच्या आईचा फोन. घाबरून हा कट करायला गेला आणि दाबलं भलतंच, बाई आल्या की कॉलमध्ये!

"नमस्कार! मी उल्का, नंदनची आई. अगंबाई! तुमच्या तोंडाला हिरवं काय लागलंय? काय चाललंय हे?"

नंदननं तिकडे कपाळाला हात लावला. कारण आईला ह्या बिअरच्या छंदाचं काही माहीत नव्हतं. बाई ह्या लग्नाला महिनोन्‌महिने अडून बसलेल्या, भीती एकच, तुमच्या घरी जाऊन माझा मुलगा प्यायला लागेल! तुमच्या घरी! अहो, उलट ह्यानंच सिरीलच्या घरी पिंप आणून ठेवलंय! जीभ अशी सळसळली सिरीलची... बोलून टाकावं, एका वाक्यात हा चष्मा, हा अरोमा, सगळं घराबाहेर! सांगा, ह्याला बिअर म्हणायचं, ह्याला जावई म्हणायचं?

आणि जिन्यात हेझल. आवाज ऐकून धावत आलेली. "डॅडी, प्लीज..."

सिरीलनं मिशीतला फेस पुसला. "काही नाही हो विहीणबाई. आयुर्वेदिक काढा आहे. मला जुना खोकला, तुमच्या मुलानं सांगितलं, अंकल, हा घ्या. जरा उतू गेला."

बाईंचे डोळे भरून आले! "बघा, किती काळजी करतो तुमची!"

शनिवारी उरलेली अर्धी बिअर चाळीस माणसांनी पुरवून पुरवून प्याली. नंदननं ग्लासात नाक बुडवून जाहीर केलं, "अंकल, अरोमा अमेझिंग!" सिरीलनं एक घोट घेतला, साबणाचं पाणी प्यायल्यासारखं तोंड केलं, म्हणाला, ह्याला बिअर म्हणायचं? आणि आपला कॅन फोडला. पण पोराच्या खांद्यावर हात ठेवला हं त्यानं. ठेवला आणि लगेच काढला.

संपलं म्हणता? छे! जूनमध्ये विहीणबाई येतायत. दोन महिने. त्यांनाही जुना खोकला आहे म्हणे, तोच काढा रोज घेणार आहेत. तेव्हा सध्या सिरील सकाळ-संध्याकाळ गवती चहा, आलं, तुळस उकळत बसलाय, मोबाईलवर बघून बघून... आणि खोटं कशाला बोलू, तोही उतूच जातोय.