कॉम्प्रेसर बंद, फक्त माहितीसाठी

...नाही, पण भोंगा कशासाठी वाजावा याला काही धरबंध? तुम्हाला सांगतो, आमचा श्यामसुंदर, तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर, सकाळपासून त्या लॉगसमोर डोळे फोडत बसलेला! लॉग म्हणजे काय, तर प्रोग्रामनं दिवसभर केलेली बडबड, आणि प्रत्येक वाक्यावर शिक्का : गंभीर, इशारा, माहिती... आणि गंभीर काय? 'घड्याळ दोन सेकंद मागे!' भोंगा. 'प्रिंटरमध्ये कागद नाही!' भोंगा. हा धावला, कागद भरला, तर 'कागद जास्त!' पुन्हा भोंगा! शेवटी कान फाटले तसं त्यानं वैतागून हाताला येईल ते बटण दाबलं. शांतता! काय बरं वाटलं म्हणून सांगू...

आत कोण? दिवाळे कोळीवाड्यातल्या गोजरामावशीची दोनशे किलो मासळी, लेकीच्या, संध्याच्या हळदीची! आणि त्या पंगतीसाठी श्यामसुंदरनं आठवडाभर पोट राखून ठेवलेलं.

दुपारी दार उघडतो तर सुरमई घामाघूम! वास ठाणे-बेलापूर रोडनं ट्रकांना ओव्हरटेक करत ऐरोलीपर्यंत गेला, खोटं नाही सांगत! लॉग उपसला, तर तळाशी, फिक्या राखाडी अक्षरांत : 'कॉम्प्रेसर बंद. फक्त माहितीसाठी.'

अरे, फक्त माहितीसाठी?

ऐरोलीत ऋषीला फोन. प्रोग्राम त्याचा. काय थंड माणूस हो, यालाच आत ठेवला असता तर मासळी टिकली असती!

"काका, चिडू नका ना. प्रिंटरला काम जमलं नाही, म्हणून गंभीर. कॉम्प्रेसरला बंद हो म्हटलं, तो झाला. सक्सेसफुली! चूक झालीच नाही, तर माहितीच ना?"

"अरे गाढवा, पण बंद हो म्हटलं कोणी?"

"तेपण आहे काका, वरच्याच ओळीत. 'युजर : श्यामसुंदर.' फक्त माहितीसाठी."

घ्या!

तेवढ्यात गोजरामावशी हजर, पदर खोचून. हा शहाणा तिला स्क्रीन दाखवतो! "मावशी, मशीनच म्हणतंय बघा, फक्त माहितीसाठी..."

"मंग माजा म्हावरा काय माहितीसाठी कुजला, मेल्या? हलद उद्या हाय! पावन्यांना काय हा टीवी वाढू?"

ती रात्रीपर्यंत बोटी फिरवून, शेजारणींच्या पाट्या उचलून मासळी जमवते, पंगत दणक्यात होते, अख्खं तुर्भे जेवून येतं... आणि श्यामसुंदर? घरी दुधीची भाजी चिवडतोय. अहो, हळदीच्या सकाळीच कार्ड आलं होतं ना त्याला! संध्याचं नाव, तारीख, मांडवाचा पत्ता, सगळं छापील, सगळं बरोबर. खाली तेवढं पेनानं, गोजरामावशीच्या अक्षरात :

'फक्त माहितीसाठी.'