मधूची गाडी विकायची नाही

मंडळी, बसा. बसूनच ऐका, कारण थोडक्यात आटपायला मला जमणार नाही.

मी कुसुम, मधूची थोरली बहीण. सुतकातली बाई चार लोकांत उभी राहून बोलतेय हे काहींना रुचलेलं नाही, दिसतंय मला. मलाही हौस नाही हो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर बोलणारी मी, पण चार लोकांसमोर उभी राहून कधी बोललेले नाही. मी बोलणारच नव्हते. पण आत्ता माझ्या आधी आमचे काका बोलले आणि मला बसवेना.

काका म्हणाले, फटफटीने आमच्या पोराचा घास घेतला. ती विकून टाकू आणि हा विषय इथेच संपवू. काका, तुम्ही वडीलधारे. बाबा गेल्यावर तुम्हीच आम्हाला आधार दिलात, हे मी विसरणार नाही. पण गाडी विकायची नाही. भर शोकसभेत सांगते, विकायची नाही.

मधूच्या कचेरीतली मंडळी आलीत, त्यांना बहुधा काही ठाऊक नसेल. कचेरीत तो गप्प असायचा ना? घरी नव्हता गप्प. तो आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त पास्कू, मरोळ गावठाणातला, तो काय मागे भिंतीला टेकून उभा आहे. ह्या दोघांनी लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेल्या दोन लहान फटफट्या आणल्या आणि पास्कूच्या अंगणात एकेक स्क्रू सोडवून पुन्हा जुळवल्या. कशासाठी? डांबरी रस्ता सोडून, बैलगाडीच्या वाटांनी, किनाऱ्या-किनाऱ्याने मुंबईहून वेंगुर्ल्यापर्यंत जायचं. रात्र होईल तिथे तंबू ठोकायचा. काका त्याला म्हणाले होते, अरे, बोटीने जा की सरळ! तर हा म्हणतो, "काका, बोटीत मी नुसता ओकतो."

आणि लहान गाड्या का, तर वाटेत खाड्या आहेत. मोठी गाडी होडीत चढत नाही. वर्सोव्याला जाऊन त्यांनी करूनही पाहिलं. गाडी होडीत घातली, मढला उतरवली, परत आणली. एक कोळीणबाई हसून हसून पाटीवर बसली. "काय रं, गाडीला समुद्र दाखवाला आणलाव?" मधू म्हणाला, "हो मावशी, तिने पाहिला नव्हता."

तुम्ही हसलात. बरं झालं. त्याच्यासाठी नुसतं चुकचुकणं मला ऐकवत नाही.

आता त्याच्या छातीचं. लहानपणी सांध्यांचा ताप आला आणि हृदयाची झडप कायमची बिघडली. तेव्हापासून सगळ्यांची एकच आरती. मधू, धावू नको. मधू, जिना चढू नको. मधू, ओझं उचलू नको. सगळ्यांत मोठा आवाज माझा. पण ह्या दोघांचा एक नियम होता, तो नीट ऐका. सगळं सामान गाडीवर बांधायचं, गाडी आरेच्या माळावर न्यायची, मुद्दाम आडवी पाडायची. आणि ज्याची गाडी त्याने एकट्याने उचलायची. दुसऱ्याने बोटही लावायचं नाही. वाटेत गाडी पडणारच, आणि तेव्हा दुसरा पुढे गेलेला असेल. उचलली नाही, तर सामान कमी करायचं.

पहिल्या वेळी काय तमाशा! मधूने अख्खा पितळी स्टोव्ह घेतलेला, वर पाण्याचं पिंप. पास्कूने आईच्या हातचा बाटलीतला तिखट मसाला घेतला होता, तोही नेमका सायलेन्सरच्या बाजूच्या पिशवीत. पिशवी मी शिवलेली, ताडपत्रीची. गाडी पाडली, बाटली फुटली, तापल्या सायलेन्सरवर मसाला! अहो, आम्ही तिघं शिंकतोय, तबेल्यातले भय्ये शिंकत धावत आले, म्हशी दावं तोडायला लागल्या. पास्कू ओरडतोय, "माझ्या आईला सांगू नका रे!"

मधूला त्या दिवशी गाडी उचलता आली नाही. ओठ निळे पडले त्याचे. मी पुढे झाले तर माझ्यावर खेकसला, "ताई, हात लावशील तर बघ." मग त्याने सामान काढायला घेतलं. स्टोव्ह गेला, तीन दगडांची चूल मांडू म्हणाला. तंबूचे बांबू गेले, ते गावागावात मिळतात. पिंपाच्या जागी लहानशी कातडी पखाल आली. दर रविवारी पाडायची, उचलायची, काहीतरी काढायचं. शेवटी एका रविवारी गाडी उभी राहिली. हा तिला धरून उभा, धापा टाकतोय आणि हसतोय. त्याला इतकं खूश मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. छाती बरी नव्हती झाली. ओझं त्याने आपल्या छातीच्या मापाचं करून घेतलं होतं.

आणि तो गेला कसा? दरीत पडून नाही. सकाळी, पास्कूच्या अंगणात, चाकाच्या तारा आवळत बसला होता. "पास्कू, जरा पाणी आण रे" म्हणाला. पास्कू तांब्या घेऊन आला तोवर आटपलं होतं.

घरी पडून राहिला असता तर दोन वर्षं जास्त जगला असता, असं कुणीतरी म्हणालं. असेल. मी नाही म्हणत नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात येतं माझ्या. पण खाटेवर पडून छताकडे बघत? तुमच्यातल्या कुणाला हवी आहेत तशी दोन वर्षं? घ्या मग. त्याला नको होती. त्याला बिचारा म्हणू नका. माझ्यासमोर तरी नाही.

तेव्हा आता स्पष्ट सांगते. तेरावा झाला की गाड्या निघणार. पास्कूची पास्कू चालवेल आणि मधूची मी. हो, मी! गाडी चालवायला मधूनेच शिकवलं मला, आरेच्या रस्त्यावर. परवा सलवार घालून माळावर गेले आणि भरलेली गाडी आडवी पाडली. पहिल्यांदा हललीसुद्धा नाही. रडले, शिव्या घातल्या, पुन्हा हात घातला. उठली. त्याच्या मापाचं ओझं मला पेललं.

लोक काय म्हणतील, परक्या पुरुषाबरोबर? पास्कूच्या बायकोलाच विचारलं मी. रोझा म्हणाली, "घेऊन जा गो त्याला. मधू गेल्यापासून जेवत नाय, झोपत नाय. माझा नवरा मला परत आणून दे." तिची हरकत नाही, तर तुमची कशाला?

काकांचं शेवटचं म्हणणं, निदान आईचा तरी विचार कर. केला काका. आईला विचारायची हिंमतच होत नव्हती माझी. माझी आई कशी आहे ते चाळीला ठाऊक आहे. सोवळं म्हणजे सोवळं. सुतकात घरात तळण नाही, फोडणीसुद्धा नाही, शेजारून येतं ते खायचं. आज पहाटे मला जाग आली ती तेलाच्या वासाने. आई चुलीपुढे बसलेली, कढई चढवलेली, आणि ती तिखटमिठाचे शंकरपाळे तळत होती. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, "अहो, हे काय करताय? सुतक आहे ना?" आईने वर पाहिलंसुद्धा नाही. डबा भरला, माझ्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाली, "झाकण घट्ट लाव. खाडीच्या हवेने मऊ पडतील."

बस. मी न विचारताच मला मिळायची ती परवानगी मिळाली.

आता उठा मंडळी. काका, तुम्हीही उठा, माझ्या शेजारी या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. आणि दोन मिनिटांनंतरही मला थांबवायला कुणी बोलू नका.

मधू, येते रे.