बिब्ब्याची खूण

— नाही गं प्रेमा, बिब्बे संपलेत असं मी कुठं म्हटलं? डबीत आहेत की चार-पाच. आधी बाळाचं तेल पुरं होऊ दे — आणि तू बस खाली स्वल्प, उभी राहून बोललीस की मला मान वर करावी लागते आणि हा पायांवरून घसरतो. बघ कसा झाडतोय पाय. तुझ्या नवऱ्यालाही याच पायांवर न्हाऊ घातलंय मी, तोही असाच. चामराजपेटच्या या गल्लीत आपल्या मराठी घरांमधलं एक पोर दाखव ज्याची टाळू मी भरली नाही — नाही सापडायचं. रोज मी तुमच्याकडं येते आणि आज तू बाळाला घेऊन माझ्या दारात, तेव्हाच ओळखलं, सासूनं धाडलंय म्हणून. काय म्हणाल्या ठकुबाई? कार्पोरेशनचे देवी टोचणारे पुढच्या महिन्यात घरोघर येणार, त्याआधी कस्तुराबाईकडून दंडावर खूण करून आण. हेच ना? मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी हेच काम मी केलंय, आणि असं केलंय की टोचणाऱ्याला फरक कळला नाही.

कसं काय विचारतेस — अगं सोपं आहे. सुईवर बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की सुईचं टोक दंडाला नुसतं लावायचं. दोन जागी. फोड येतो, खपली धरते, पंधरा दिवसांनी खपली पडली की खाली गोल डाग. टोचल्याची खूण वेगळी असते म्हणा, खड्डेखड्डे असतात तिला, पण दिवसाला शंभर दंड बघणारा माणूस वाकून कशाला बघतोय? बाही वर केली, डाग दिसला, सरी, ठीक आहे, पुढचं घर. तेव्हा नऊ पोरांना लावला मी. का लावला — आता का म्हणून काय सांगू? लोक घाबरलेले. मल्लाप्पाच्या थोरल्याचा हात टोचून चिघळला होता, पोर आठ दिवस तापात. त्यात देवळातली म्हातारी म्हणाली, देवीच्या कामात माणसानं हात घातला की मारम्मा चिडते. बायका माझ्याकडं आल्या. गल्लीत दुसऱ्या कुणाचा हात इतका हलका नाही, असं म्हणाल्या — आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नवरा गेल्यापासून कुणी कशाला विचारत नव्हतं मला, आणि आता सगळी गल्ली ओट्यावर. आमच्या शालनला सगळ्यात आधी लावला, आदल्या रात्री, घरात कुणी नसताना. माझी नात, तेव्हा जेमतेम चार वर्षांची. रडली नाही. फुंकर घाल आज्जी, एवढंच म्हणाली.

हं — तेच ना, तेच म्हणणार होतीस तू. आमच्या शालनला टोचलं होतं तरी देवी आल्या, डोळे गेले, मग टोचून उपयोग काय. तुझ्या सासूनं पढवून पाठवलंय. सगळी गल्ली हेच म्हणते. नवी सून आली की तिला आधी हेच सांगतात, मोठा मारुती कुठं आणि बाजार कुठं ते नंतर. तुझ्या नवऱ्यालाही म्हणूनच टोचलेलं नाही, माहीत आहे ना? आणि मी काय करते — मी तेल लावत बसते.

पालथा घालू दे याला. पाठ लाल झाली की बास.

ऐक आता, आणि मधे बोलू नकोस, नाहीतर मी गप्प बसेन. शालनला कधी टोचलंच नव्हतं. कळलं का? कुणी नाही टोचलं तिला. तिच्या दंडावर जे आहे ते माझं आहे. बिब्ब्याचं.

असं बघू नकोस माझ्याकडं, बाळाकडं बघ.

आणि तेवढंच असतं तरी — कोपऱ्यावरच्या विठोजी शिंप्याच्या घरात देवी आल्या तेव्हा कार्पोरेशनचा माणूस धावत आला. भला माणूस होता, कानडी बोलायचा, पण आमच्यासाठी मोडकंतोडकं मराठी बोलायला बघायचा. प्रत्येक दारात उभा राहून सांगत होता — आजार गल्लीत शिरलाय, पण तीन-चार दिवसांच्या आत टोचलं तर पोर अजून वाचतं. आमच्या दारात आला. शालन आदल्याच दिवशी विठोजीच्या मुलीबरोबर खेळून आली होती. त्यानं तिची बाही वर केली. डाग बघितला. म्हणाला, ही सुरक्षित आहे अक्का, हिची काळजी नको. हसला तिच्याकडं बघून. आणि मी दारात उभी. एवढ्या जवळ, तू आहेस तेवढ्या जवळ. एक शब्द, प्रेमा — नाही टोचलेलं, एवढंच म्हणायचं होतं. त्याच्या हातात हत्यार तयार होतं. पण मागं सगळ्या बायका उभ्या होत्या, ज्यांच्या पोरांना मी लावला होता त्याही. त्यांनीही तोंड उघडलं नाही, मला वाटलं मी कशाला उघडू. पकडून नेतील, असंही वाटलं. नाही — ते नंतर मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे लाज वाटली. चारचौघांत खोटी ठरेन याची लाज. तो पुढच्या घरी गेला, आणि शालनला टोचलंय हेच गल्लीनं धरलं. मी त्याला प्यायला पाणी नेऊन दिलं.

बाराव्या दिवशी ताप. मग अंगभर. दाराला कडुलिंब बांधला, फोडणी बंद केली, मारम्माला दहीभात नेला — सगळं केलं, जे करून काही होत नाही ते सगळं केलं. नऊ पोरांतल्या चौघांना आल्या. दोघं गेली. ज्यांना खरंच टोचलं होतं — मल्लाप्पाचा थोरला, तो चिघळलेल्या हाताचा — त्याला काही झालं नाही. कुणी त्याचं नाव काढत नाही. शालन वाचली, डोळे नाही वाचले. आता मागच्या खोलीत उदबत्त्या वळते, हात छान चालतो तिचा. लहान होती, माझी सुई तिला आठवत नाही; त्या टोचणाऱ्याला शिव्या देते. नीट टोचलं नाही मेल्यानं, म्हणते. दंडावरचा डाग चाचपत म्हणते. मी ऐकून घेते. तिला सांगू? सांगून काय — डोळे येणार आहेत? आणि नाही सांगत, तर ही गल्ली एकेक पोर लपवतेय तिच्याकडं बोट दाखवून. हे मला दिसत नाही असं नाही. रात्रंदिवस दिसतं. तिला दिसत नाही तेवढं मला दिसतं.

म्हणून सांगते, याला टोचून घे. येतील तेव्हा दार उघड. दोन दिवस कुरकुर करेल, हात सुजेल, सुजू दे.

काय म्हणालीस? मी? ठकुबाईंना मी सांगू?

तुझं त्या ऐकणार नाहीत हे खरं. दीड वर्ष झालं तुला या घरात येऊन, तुझं कोण ऐकतंय. माझं ऐकतील. पण त्यांचा धाकटा, प्रेमा — गेलेल्या दोघांतला एक त्यांचा होता. तुला हे कुणी सांगितलं नसेल. बघ, नाहीच ना सांगितलं. पाच वर्षांचा. त्या अजून म्हणतात, देवीनं नेला. मी कोणत्या तोंडानं सांगू की देवीनं नाही —

रडू नकोस. बरं. बरं बाई, सांगते. आज दिवे लागायच्या आधी येते आणि सांगते. मग पुन्हा हिच्या हातात पोर देऊ नका म्हणोत, ओट्यावर चढू देऊ नका म्हणोत, काय व्हायचं ते होऊ दे. शालनलाही मग कळेलच. कळू दे. सहा वर्षं झाली, एवढं एक काम तरी —

कोण? दार उघडंच आहे, या.

या, ठकुबाई, या की. आत या. नाही हो, रडत कशाला असेल, बाळाला तेल लावताना हिच्या डोळ्यात गेलं. उशीर? अहो, गप्पा मारत बसलो होतो, बायकांचं काय. हो. हो, सांगितलं हिनं, टोचणाऱ्यांचं. काय? — हो ना. खरं आहे तुमचं. आमच्या शालनला टोचलं होतं, तरी आल्याच की.

लावते ना, आत्ता लावते. तेवढी डबी द्या इकडं, आणि दिवा.

प्रेमा, दंड धर त्याचा. घट्ट धर.