पोट माह्यं, आंगठा बुढ्याचा

भ्याली? मी? मनकर्णा भ्याली? कोण म्हणलं? नाही, सांगू नका, मले ठाऊक हाय कोण म्हणलं... गोजरबाई म्हणली, अन् गिरणीवर म्हणली, जिथी बोललेलं पिठासारखं उडते अन् संध्याकाळपर्यंत साऱ्या उंद्री गावाच्या अंगावर बसते! "मनकर्णा अकोल्यापर्यंत गेली वं बाई, मोठ्या तोऱ्यात गेली, अन् डॉक्टरनं चाकू दाखवला तशी लुगडं सावरत एसटीत येऊन बसली." असंच म्हणली ना? चाकू! चाकू पाह्यला कोणी तिथी? चाकूपर्यंत पोचली असती तं मी काय इथी बसली असती तुमच्यासंग?

बसा, बसा. दुखणाईत बाईले पाहाले आल्या ना? मंग निस्तं पाहून काऊन जाता, ऐकूनही जा. सारं सांगते पहिल्यापासून, अन् मंग तुम्हीच ठरवा भ्यालं कोण.

मागच्या साली मारुतीपाशी रोडगे होते, तुम्हीही होत्या पंगतीले. गोवरीवर भाजलेले रोडगे, वरून तुपाची धार, वांग्याची भाजी, अन् तर्री अशी की वाटीत आपलं तोंड दिसावं. मी चार खाल्ले. चारच! गोजरबाईनं सहा खाल्ले, तिले काही झालं? ढेकर आली फक्त. अन् मी घरी आली, टेकली नाही तं उजव्या फासळीखाली असं धरलं... असं धरलं माय, जसं आतून कोणी सांडशीनं पकडून पिळून राह्यलं, तिथून पाठीत, पाठीतून खांद्यात, श्वास घ्यावा तं मरण अन् न घ्यावा तं मरणच! पाच बाळंतपणं काढली या अंगानं, चार लेकरं गेली, एक शालू जगली, पण कधी तोंडातून आवाज निघाला नव्हता. त्या दिवशी अशी ओरडली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राह्यली.

अन् मंग काय? मंग सुरू झाली तुमची रांग. राग मानू नका, पण आपल्याकडची रीतच अशी हाय, दुखणाईताले पाहाले जायचं अन् दुखणाईतानं उठून चूल पेटवायची. "काही करू नको वं मनकर्णा, तुले बरं नाही, निवांत पडून राह्य... केलंच तं उलसे, चार-दोन भजे कर." उलसे! मी कढईपुढं बसलेली, तेलाचा धूर नाकात, फासळीखाली सांडशी फिरून राह्यली, अन् तुम्ही वसरीत बसून म्हणता, "बिचारी वाळली बाई." वाळीन नाही तं काय फुगीन?

दवाखान्यातला कंपाउंडर पोट दाबून म्हणला, पित्ताच्या पिशवीत दगड असतीन, अन् मंग ज्याच्या त्याच्यापाशी औषध! कलाबाई म्हणे कुळथाचं पाणी पे. मी म्हणलं, ते मुतखड्याचं वं, हे दगड दुसऱ्या पिशवीत हायत. तं म्हणे, दगड तो दगड, त्याले काय घर ठाऊक असते? माह्या शालूनं लोणारहून जवायाच्या हाती शिशी पाठवली, तळ्याचं खारं पाणी, म्हणे यात दगड विरघळते. मी तिले चिठ्ठी लिहिली, अवं बावळट, ते पाणी किती काळापासून दगडाच्या कढईत भरलं हाय, कढई विरघळली का? मंग डोळे पिवळे झाले, कावीळ झाली, अन् देऊळघाटचा तो मोतीराम, कावीळ उतरवणारा, त्यानं गळ्यात काड्यांची माळ घातली. जशी माळ लांबीन तशी कावीळ उतरीन म्हणे. माळ लांबली, छातीवर आली, पोटावर आली, गुडघ्यापर्यंत आली, मी माळेत पाय अडकून पडली, अन् डोळे पिवळेच! पोट कोणाचं? माह्यं. दुखते कोणाले? मले. अन् साऱ्या गावाले त्याच्यातलं कळते!

आता तुम्ही म्हणसान, मनकर्णा लय शहाणी. हाव, हायच! शाळेत नाही गेली मी, किराण्याच्या पुड्यावर शिकली. जिरं संपलं की कागद माह्या. कोळशानं भिंतीवर अक्षर काढायची, सासू पोतेऱ्यानं पुसायची, मी पुन्हा काढायची. सासू गेली, अक्षर राह्यले. पण पुड्याच्या कागदाची एक खोट असते, त्याच्यात गोठ पूर्ण नसते. राजा जंगलात गेला, वाघ समोर आला, वाघानं जबडा उघडला... अन् कागद फाटलेला! पुढचा वाघ गोजरबाईच्या हळदीच्या पुड्यावर गेलेला, अन् तिनं त्या वाघानं चूल पेटवली. जिंदगीभर मी अर्ध्याच गोठी वाचल्या. शेवट असा कधी हाती आलाच नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं कामी पडते.

अन् आमचा बुढा. कडूबा. हाव, घेतलं नवऱ्याचं नाव, पडलं का आभाळ? त्याले सही येत नाही, त्याचा आंगठा. अन् आंगठा तरी कसा, कोणीही कागद पुढं करावा अन् यानं टेकवावा! मागं विहीर मारुतीपाशी खोदा म्हणून पंचायतीत अर्ज गेला, त्याच्यावर याचा आंगठा. त्याच दिवशी विहीर मारुतीपाशी खोदूच नका म्हणून दुसरा अर्ज गेला, त्याच्यावरही याचाच! सरपंच हसून हसून खुर्चीतून खाली. मी म्हणलं, अवो, असं कसं केलं? तं म्हणे, "दोघंही चांगले मानसं हायत." चाळीस वर्षं या माणसाले एकच गोष्ट सांगून राह्यली मी, "वाचून ऐकल्याबिगर आंगठा देऊ नका. घरात वाचणारी हाय ना? मी वाचते, तुम्ही ऐका, अन् मंग काय ते ठरवा." तो म्हणते, "हाव." त्याचं हाव म्हणजे बैलानं मान हलवली, माशी बसली होती म्हणून.

तं कावीळ उतरली, आपल्या मनानं आली अन् आपल्या मनानं गेली, मोतीरामले वाटलं त्याच्या माळेनं. मी बुढ्याले म्हणलं, चला अकोल्याले. तिथी एक डॉक्टर हाय, चष्म्याचा, पुण्याकडचं बोलते. त्यानं अगोदरच्या दिवशी गोळ्या खाऊ घातल्या, उपाशी ठेवलं, अन् पोटाचा फोटो काढला. फोटो उजेडाले धरला अन् म्हणते, "हे बघा आजी, पित्ताशयात खडे आहेत. सात-आठ तरी दिसतात." मी म्हणलं, केवढे? त्यानं काही आकडा सांगितला, मले काय कळते. मी म्हणलं, हरभऱ्याएवढे की वालाएवढे? तो म्हणते, "हरभऱ्याएवढे." मी म्हणलं, कोरडा हरभरा की भिजवलेला? त्यानं चष्मा काढला, पुसला, अन् म्हणते, "भिजवलेला."

मंग खरं बोलला बिचारा. "आजी, कावीळ एकदा होऊन गेलीय. पुढच्या वेळी खडा अडकून बसला तर माझ्याच्यानं काही होणार नाही. आत्ता अंगात ताकद आहे. पिशवीच काढून टाकू."

भेव वाटलं का? वाटलं ना! खोटं कशाले बोलू? बेशुद्ध करणार, वीतभर कापणार, अन् ज्या पिशवीचं नाव दुखेपर्यंत ठाऊक नव्हतं ती काढून घेणार. बाकड्यावर बसली मी, अर्धा घंटा बसली, अन् म्हणलं, अवं मनकर्णा, असं लोळत मरण्यापरीस एकदाचं कापून घे. वाचली तं रोडगे खाशीन. पोट कोणाचं? माह्यं. ठरवणार कोण? मी. ठरवलं! झालं!

झालं कुठी? नर्स आली कागद घेऊन. "आजी, सही लागते." मी म्हणलं, आण. अन् केली, झोकात केली, मनकर्णाबाई, वेलांटी-मात्रा सगळं जागच्या जागी. ती म्हणते, "छान आहे हो. पण मालकांची पाहिजे."

"पोट कोणाचं?"

"तुमचं."

"दुखते कोणाले?"

"तुम्हाला."

"मंग?"

"मग मालकांची सही."

मी म्हणलं, लेक हाय लोणारले, तिले बोलावते. "मालक असताना दुसऱ्याची चालत नाही आजी." म्हणजे? तो मेला पाहिजे, मंग मी जगू?

बरं, बोलावलं बुढ्याले. तो आला, नर्सनं शाईची डबी उघडली, अन् यानं नेहमीसारखा आंगठा काढला, बुडवला, अन् नेला कागदावर. दोन बोटं. दोन बोटं उरला होता आंगठा कागदापासून! तेवढ्यात या बाईच्या... या माह्या तोंडाले काय आग लागली! मी म्हणलं, "थांबा!"

काऊन म्हणलं? चाळीस वर्षं सांगून राह्यली होती ना, वाचल्याबिगर देऊ नका म्हणून. अन् खरं सांगू? आजूबाजूच्या खाटांवर बाया होत्या, साऱ्या पाहून राह्यल्या होत्या. अन् कागद असा कोरा करकरीत, पूर्ण, चारही कोपरे जागेवर! जिंदगीत पहिल्यांदा पूर्ण कागद माह्या हाती आला होता. मी उभी राह्यली अन् मोठ्यानं वाचला. "सदर शस्त्रक्रियेतील धोक्यांची" अडली का मी? नाही अडली! अशी जोडाक्षरं गिळत गेली, बाया तोंडाले पदर लावून ऐकून राह्यल्या, अन् मी आली शेवटाले. "शस्त्रक्रियेच्या वेळी अथवा त्यानंतर रुग्ण दगावल्यास त्यास डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत."

बुढा म्हणते, "दगावल्यास म्हणजे?"

अन् मी बैताड, मी समजावून सांगितलं! "म्हणजे मी मेली तं!"

त्यानं माह्याकडं पाह्यलं. कागदाकडं पाह्यलं. अन् तो शाईचा आंगठा... असा, असा मुठीत घेतला, अन् मूठ सदऱ्याच्या खिशात घातली. "नाही."

"काय नाही?"

"तूच म्हणतं ना, ऐकल्याबिगर देऊ नको. ऐकलं. नाही देत."

डॉक्टर आला. "आजोबा, हे सगळ्यांनाच लिहून द्यावं लागतं." बुढा म्हणते, "सगळ्याइचं घ्या. माह्यं नाही." मी रागावली, भांडली, हात जोडले... हाव, मी हात जोडले, हे गिरणीवर सांगू नका. ज्या माणसानं एका विहिरीले दोन बाजूनं आंगठे दिले, तो एका कागदाले हलला नाही!

आलो परत. अकोल्याहून उंद्रीपर्यंत त्याची मूठ खिशात. कंडक्टरले डाव्या हातानं तिकीट दाखवलं. खामगावच्या स्टँडवर केळं सोलून दिलं मले, तेही डाव्या हातानं अन् दातानं.

तेव्हापासून दोनदा धरलं मले. तो वीट तापवते, फडक्यात गुंडाळते, फासळीवर धरून बसते. अन् ज्याले ठेच्याबिगर भाकर उतरत नाही, तो माह्यासंग बिनफोडणीचं वरण खाते. मी म्हणलं, तुमच्या पोटात थोडेच दगड हायत? तो वाटी पुढं करते, वाढ म्हणून.

कागद मी आणला होता घरी. एक दिवस दुपारी हा झोपला तं तव्याची काजळी घेतली अन् म्हणलं, झोपेतच टेकवावा आंगठा. पाहाते तं झोपेतही मूठ बंद! एक-एक बोट उकलाले गेली, तसे यानं डोळे उघडले. रागावला नाही. म्हणते, "चार लेकरं गेली, तेव्हा मले कोणी कागद आणून विचारलं का, नेऊ का म्हणून? या खेपेले विचारलं. मी नाही म्हणलं."

आता याले काय म्हणावं, सांगा? या माणसानं जिंदगीत काही घट्ट धरलं नाही, ना बैलाचा कासरा, ना आपलं म्हणणं. धरलं तं मले धरलं, अन् धरूनच मारून राह्यला! सोडा म्हणू कोणत्या तोंडानं? मी वाचाले शिकली नसती तं आज दगड अकोल्याच्या बाटलीत असते. शिकली, म्हणून पोटात हायत. इकडं या, उजेडात या... पाहा माह्ये डोळे. पिवळे हायत ना? खरं सांगा. ...हं. राहू द्या, कळलं.

तं गोजरबाईले काय सांगसान? बुढा भ्याला म्हणून सांगू नका. पारावर बसू देणार नाहीत त्याले, विहिरीवरून अजून हसतात. पोट कोणाचं? माह्यं. मंग भ्यालं कोण तेही मीच ठरवते. सांगा, मनकर्णाच भ्याली. चाकू पाह्यला अन् पळाली. अन् सांगणारच असान तं चाकू चांगला कोपरभर लांब होता म्हणा... लहान-सहान चाकूले मनकर्णा भ्याली नसती.