जावयाच्या पणजोबाचं गाव

आमच्या जावयाचा वेल्समधला पणजोबा कोणी शोधून दिला माहितीय? आमच्या बायकोने, भिवंडीजवळ अंजूरला ओट्यावर बसून!

लेकीला तिकडे वेल्समध्ये पाचवा महिना लागलेला. बाळंतपणाला तिला इकडे पाठवा, असं बायकोचं चाललेलं. जावई म्हणजे गॅरेथ, तो म्हणे, इथेच करू. आणि त्याच्या डोक्यात भलतंच, पणजोबा जन्मला कुठे? घरातल्या जुन्या बायबलात पणजोबाचं नाव होतं, आईबापाचं होतं, जन्माचं गाव तेवढं न्हाय. पणजोबाच्या बापाच्या गावातल्या चर्चचं दप्तर पालथं घातलं, तिथे नोंदच न्हाय.

लेक व्हिडिओ कॉलवर हे सांगत होती. बायको वाल सोलता सोलता म्हणाली, "पणजोबा थोरला का गं?"

"हो, पहिलाच."

"मग बापाच्या गावात काय शोधता? आईचं माहेर बघा. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हतं."

जावई हसला. लेक म्हणाली, "आई, इकडे तशी पद्धत न्हाय."

"पद्धत नसंल. त्या पोरीला आई तर असंल ना?"

पुढच्याच आठवड्यात जावयाचा स्वतःहून फोन. पणजोबाच्या आजोळच्या चर्चमध्ये नोंद सापडली! त्याचं नुसतं थँक्यू, थँक्यू.

बायको म्हणाली, "थँक्यू ऱ्हाऊ द्या, जावईबापू. उद्या तुमच्या बाळाचा पणतू असाच गाव शोधत फिरंल, त्याची पंचाईत नको. त्याला सरळ अंजूरलाच येऊ द्या."