यानाच्या पोटावरच्या सहा फरश्या

—त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे पंख्याखाली बस. हां. आणि तुझं ते रेकॉर्डर चालू आहे ना? बरं. संग्रहालयवाल्यांना कळू दे, व्हर्लीन स्टब्जने यान कसं उडवलं ते. मीच उडवलं की. अंतराळवीर काय, नुसते आत बसले होते.

फरशी म्हणजे काय विचारतेस? यानाच्या पोटावर डकवायची ती. म्हणायला फरशी, पण न्हाणीघरातली नव्हे — वाळूपासून काढलेल्या बारीक तंतूंची, नव्वद टक्के हवा आणि उरलेला माल. विटेएवढी दिसायची, उचलली की हात उगाच वर जायचा. भट्टीतून लालबुंद काढली तरी कोपऱ्यांना बोटांनी धरता यायची, साहेब लोक पाहुण्यांना ते करून दाखवायचे, जसं काही त्यांनी स्वतः विणली होती. पण नखाने दाबा, लगेच खड्डा. म्हणजे यान पृथ्वीवर परत येतानाची आग सोसणार आणि बाईचं नख नाही सोसणार. अशा तीस हजारांवर, प्रत्येकीला वेगळा आकार, वेगळा नंबर. आणि डकवायला कोण? शास्त्रज्ञ? छे. आम्ही. मी आणि ओडेसा मॅकरे, त्याआधी टिटसव्हिलच्या कारखान्यात शेजारी बसून खेकडे सोलायचो. बोटं चपळ, एवढीच आमची पदवी.

तर गोंद. तो सुकायला सोळा तास — फरशी दाबून ठेवायची आणि वाट बघायची. आठवड्याला एका बाईच्या दोन झाल्या तर खूप. आमच्या साहेबांना, हल्सी त्यांचं नाव, वाटायचं की घड्याळाकडे रागाने बघितलं की गोंद घाबरून सुकतो. म्हणून भिंतीवर तक्ता लावला, नावापुढे आकडे. माझं नाव सगळ्यात वर. कसं? हुशारी, दुसरं काय — गोंदात थोडी थुंकी घातली की लवकर सुकतो. हो, थुंकी. एवढं नाक मुरडू नकोस, पोरी. घट्ट दिसायचा, फक्त पकड कमी असायची, आणि ते मला तेव्हा माहीत नव्हतं. असं मी सांगते.

मग ओडेसाची आई गेली. रजा मिळेना, कामाची घाई होती ना, यान काय थांबणार होतं? मी म्हटलं, जा तू गावी जॉर्जियाला, तुझ्या सहा फरश्या मी डकवते आणि कामाच्या कार्डावर तुझी सही करते, कोणाला कळतंय. केवढा माझा उपकार. ती रडली माझ्या गळ्यात पडून. आणि मी सहाच्या सहा एका दिवसात डकवल्या — माझ्या पद्धतीने.

पुढच्या आठवड्यात तपासणी. काही फरश्या निवडून यंत्र लावून ओढायचे, किती ताण सोसते ते बघायला. सहाही फरश्या पाव उचलावा तशा हातात आल्या. हल्सींनी कार्डं बघितली आणि ओडेसाला बोलावलं. मी दोन पावलांवर होते. ती म्हणाली असती, मी तेव्हा आईला पुरत होते, तर विनापरवानगी गेली म्हणून नोकरी गेलीच असती, पण निदान... ती माझ्याकडे बघत राहिली. मी गोंदाच्या कपात बघत राहिले. मग ती शांतपणे म्हणाली, "व्हर्लीन, तू बोलतेस की मी घरी जाऊ?"

ती घरी गेली.

त्या फरश्या नव्याने बसवल्या, नीट, पूर्ण सोळा तास. यान गेलं, आलं, त्या जागेचं काही बिघडलं नाही. मला गौरवाची लाकडी पाटी मिळाली, फोटो निघाला, तोच बघून तू आलीस. ओडेसा पुन्हा खेकड्यांकडे. बाजारात भेटायची — शिव्या देईल म्हणून मी वीस वर्षं तयार होऊन जायचे, आणि ती विचारायची, गुडघा कसा आहे तुझा? मागच्या वसंतात ती वारली. चर्चमध्ये तिचा मुलगा म्हणाला, आईने यानावर काम केलं, पण तिच्या हातून चूक झाली होती. आणि मी मागच्या बाकावर बसून भजनाचं पान शोधत होते.

हे काय करतेस? रेकॉर्डर बंद का केलंस? मला वाईट वाटेल म्हणून? — फार चांगली आहेस गं. चालू कर ते. कर चालू. झालं? मॅकरे. ओडेसा जून मॅकरे. त्या सहा फरश्या तिच्या नव्हत्या, माझ्या होत्या. असंच ठेव, कापू नकोस. आणि आता निघ, मला पडायचंय.